दोन बोटं जागा

चाक गोल असतं, एवढ्या एका ज्ञानाच्या बळावर मी या भानगडीत पडलो.

आमच्या बिल्डिंगखालच्या गॅरेजात माझ्या मेहुण्यांची गाडी विटांच्या चार ढिगांवर उभी होती आणि तिला चाकं बसवायची होती, इतकीच कामगिरी. गाडी लाल, दोनच माणसांची, आणि मुळात बुटकी. त्यात मेहुण्यांनी, म्हणजे दादांनी, स्प्रिंगा बदलून ती आणखी खाली बसवलेली. का, असं मी एकदा विचारलं होतं. "शान असते," म्हणाले. ती शान गतिरोधकावर घासताना मी स्वतः ऐकली आहे. जुनी चाकं विकून नवी घ्यायची म्हणून दादांनी ती काढली आणि त्याच आठवड्यात दादा गेले. गाडी आली आमच्याकडे, आणि दादांची आईही आमच्याकडे आली.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय त्र्याऐंशी, वजन एक्केचाळीस. त्यांची खोली गॅरेजच्या बरोबर वर. दादांनी त्यांना कबूल केलं होतं की नवी चाकं लागली की तलावापर्यंत फिरवून आणतो. आई कशाचाच हट्ट करत नसत, पण रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवताना विचारत, "चाकं आली का?" मग एक दिवस डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं आणि हळूच म्हणाले, "काही हौस राहिली असेल तर पुरवा. फार दिवस लावू नका." त्या दिवसापासून मला तो प्रश्न ऐकवेना.

आता दादांबद्दल एक सांगून टाकतो, कारण ते माझ्या मनात सलतं. दादा एकशे अठरा किलोचे होते. हा आकडा ते दर वाढदिवसाला, दुसऱ्याने पदवी सांगावी तसा सांगत. मी चोपन्न किलोचा. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या गाडीत बसलो तेव्हा ते चार लोकांत म्हणाले, "जावईबापू, तुम्ही बसलात तरी गाडीला कळत नाही." सगळे हसले. माझी बायको जरा जास्तच हसली. सतरा वर्षं झाली, पण ती तारीख मला आठवते.

तर चाकं. पहिला संच मी एका दुकानातून स्वतः निवडून आणला. दिसायला इतका देखणा की घरी आणून हॉलमध्ये ठेवला आणि दोन दिवस नुसता बघत बसलो. तिसऱ्या दिवशी गॅरेजात नेला तर चाकाला चार भोकं आणि गाडीला पाच बोल्ट. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुकानदार म्हणाला, "गाडी बदलून बघा."

तेव्हा वरच्या मजल्यावरचे भूमितीसर मदतीला धावले. सर निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांच्यातली भूमिती निवृत्त झालेली नाही. दोरा, ओळंबा आणि शाळेचा मोठा लाकडी कंपास घेऊन त्यांनी चाकाची कमान मापली. "रिमची रुंदी इतकी, आणि चाकाचा मधला भाग बाहेर किती, आत किती, ते इतकं. हे सिद्ध झालं," असं म्हणून त्यांनी भिंतीवर खडूने आकडे लिहिले आणि खाली सही केली. त्या आकड्यांनुसार आणलेली चाकं गाडीला बसली, पण चारही मडगार्डच्या बाहेर बोटभर डोकावत राहिली. सरांनी पुन्हा एकदा ओळंबा सोडून पाहिला. शेवटी म्हणाले, "गाडीची आकृती चुकली आहे."

याच सुमाराला मला गाडीत काही बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. मी विम्याच्या कचेरीत दावे तपासतो, म्हणजे लोक सांगतात त्यावर विश्वास न ठेवण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे मी लगेच कशालाही भुलत नाही. दादांची सीट पार मागे सरकवलेली होती. माझे पाय पोचेनात म्हणून मी ती पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी ती मागे. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे. मी ठरवलं, खाच झिजली असेल. आतला आरसा मी माझ्या उंचीला लावला की सकाळी वर बघत असे. मी ठरवलं, स्क्रू ढिला असेल. गाडीत पेपरमिंटचा वास येई. दादांच्या तोंडात कायम पेपरमिंट असे. वास कापडात राहतो, असं मी ठरवलं. आठ महिने राहतो का, हे मात्र मी कुणाला विचारलं नाही.

शेवटी एका सहकाऱ्याने चाकवाल्याचा पत्ता दिला. साठीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्याच्याकडे मोजपट्टी नव्हतीच. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये तो उजव्या हाताची बोटं घालायचा आणि डोळे मिटायचा. दोन बोटं गेली पाहिजेत, हा त्याचा कायदा. कमी गेली तर घासणार, जास्त गेली तर गाडी वाईट दिसणार. त्याने भिंतीवरचा खडू वाचला, हसला नाही, आणि तिसरा संच घेऊन आला. चाकं सुरेख बसली. तीन चाकांवर दोन-दोन बोटं गेली. पुढच्या उजव्या चाकावर एकही जाईना.

"आत कोण बसलंय?" त्याने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हणालो.

त्याने काचेतून आत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, चाक गाडीला बसवायचं नसतं, गाडीत रोज बसणाऱ्यांना बसवायचं असतं. मी माप घेतो ते माणसं बसवूनच. ह्या गाडीचं माप माणूस बसल्याचं येतंय."

"स्प्रिंग दमली असेल," मी म्हणालो. "आधीचे मालक जरा भारदस्त होते."

हे त्याला पटलं. त्याने दोन दिवस खपून पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि डावी उजवीकडे, उजवी डावीकडे लावली. आता दमलेली स्प्रिंग डावीकडे होती, म्हणजे गाडी डावीकडे बसायला हवी. गाडी उजवीकडेच बसली. भर दुपारची वेळ, बाहेर पोरं सायकली फिरवत होती, आणि आम्ही दोघं त्या चाकाकडे बघत उभे. चाकवाल्याने हळूच उजवा दरवाजा उघडला, थोडा वेळ उघडा धरला, जसा कुणी उतरेल म्हणून धरावा तसा, आणि पुन्हा लावला. बोटं घातली. जाईनात. "मी उद्या येतो," म्हणाला आणि चार दिवस आला नाही.

दरम्यान "चाकं आली का?" चालूच होतं. मी आईंना सांगितलं की आली आहेत, पण एका बाजूला जरा घासतात. "कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि चष्मा पुसत बसल्या.

त्यात परवाना. बदललेल्या चाकांना वाहन खात्याची मंजुरी लागते, हे ज्ञान भूमितीसरांनी मला तिसरा संच बसल्यावर दिलं. आधी का नाही सांगितलं, विचारलं तर म्हणाले, "तेव्हा माझी चाकं होती." मी खात्यात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने फॉर्म पाहिला आणि गाडी आणायला सांगितली.

"ही चाकं लावून रस्त्यावर आणू का?" मी विचारलं.

"मंजुरीशिवाय? मुळीच नाही."

"मग बिनचाकाची आणू?"

"तेही नियमात नाही." त्याने विचार केला. "आणा, पण हळू आणा."

हळू आणली. पण गाडी डावीकडे वळली की उजवीकडे झुकायची आणि ते उजवं चाक मडगार्डला घासून असं काही रडायचं की लोक खिडक्या उघडत. उजवीकडे मात्र ती बिनतक्रार वळे. म्हणून मी नुसता उजवीकडे वळत वळत गेलो. डावीकडे जायचं असेल तेव्हा तीनदा उजवीकडे. एका चौकातून मी चार वेळा गेलो. पाचव्या वेळी तिथल्या पानवाल्याने मला हात केला. दहा मिनिटांच्या रस्त्याला सव्वा तास लागला. सीट पुन्हा मागे गेलेली असल्यामुळे मी हा सगळा प्रवास काठावर बसून केला.

खात्याच्या आवारात वजनकाटा होता. कारकून बाहेर आला, गाडी काट्यावर घ्यायला लावली, आणि मला उतरायला सांगितलं. मी उतरलो. त्याने काटा पाहिला, गाडीचं पुस्तक पाहिलं, परत काटा पाहिला.

"चालकाला उतरवा," तो म्हणाला.

"चालक मीच. हा काय उतरलोय."

"मग दुसरं कोण आहे आत?"

"कुणी नाही हो. बघा ना."

त्याने पाहिलं नाही. सरकारी माणूस आकडा समोर असताना गाडीत डोकावत नाही. "पुस्तकातल्यापेक्षा एकशे अठरा किलो जास्त भरतेय," तो म्हणाला.

भर उन्हात, गर्दीच्या आवारात, डझनभर माणसं फॉर्म हातात घेऊन उभी असताना मला थंडी वाजली. मी गाडीकडे बघायचं टाळलं. कारकुनाने मात्र शांतपणे शेऱ्याच्या रकान्यात "चालकासह" असं लिहिलं, महिनाभराची तात्पुरती मंजुरी दिली, आणि महिन्यानंतर पुन्हा वजनाला आणा म्हणून बजावलं. घरी येताना मी एकदाही आरशात पाहिलं नाही. पेपरमिंटचा वास येत होता. मी सारखा "सॉरी" म्हणत होतो, का ते मला माहीत नाही.

बायकोला सांगावं की नाही, या विचारात संध्याकाळ गेली. शेवटी सांगितलं. ती भाजी निवडत होती. घाबरेल, रडेल, अशी माझी अपेक्षा. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"एकशे अठरा?" ती म्हणाली. "मला तर शेवटी शेवटी एकशे बारा सांगत होता. डाएट चालू आहे म्हणे. खोटारडा कुठला."

मग मात्र ती रडली. मी तिच्याजवळ बसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही दादांची फार आठवण आली, आणि राग आला, आणि भीती तर होतीच. "आता आईंना कसं न्यायचं?" मी विचारलं. "अशा गाडीतून?" ती डोळे पुसत म्हणाली, "दादा असताना आईला काही होणार आहे का?" विम्याच्या कुठल्याही कलमात ते बसत नव्हतं.

पण चाक घासत होतं, हे तर खरं होतं. तलावाचा रस्ता सगळा डाव्या वळणांचा. त्या रस्त्यावर टायर फाटला तर आईंचं काय? मी चाकवाल्याच्या घरी जाऊन बसलो. तो आधी भेटेना, मग भेटला, मग चहा दिला, आणि अखेर म्हणाला, "एकदा ज्यांना बसायचंय त्या सगळ्यांना बसवून माप घेऊ. नाही जमलं तर माझ्याकडून कानाला खडा."

रविवारी सकाळी अकराला आम्ही आईंना खाली आणलं. त्यांनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि केस नीट बांधले होते. त्या गाडीत बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसणं. मी एका बाजूने, बायको दुसऱ्या बाजूने, आणि भूमितीसर "कोन कमी करा, कोन" असं ओरडत, असं करत त्यांना डाव्या सीटवर बसवलं. चाकवाला उजव्या चाकाशी उकिडवा बसला. मी दरवाजा उघडून उभा राहिलो. बसायला माझा पाय उचलेना.

आईंनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. मग उजवीकडे वळून त्या रिकाम्या सीटकडे बघायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मुलगा उशिरा घरी आल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे असतं ते होतं.

"बाळ," त्या म्हणाल्या. एकशे अठरा किलोचं झालं तरी आईंच्या लेखी ते बाळच. "ऊठ. जावईबापूंना बसू दे. केव्हाचे उभे आहेत."

गॅरेजात कुणी हललं नाही. वरच्या कुठल्याशा घरात नळ चालू होता, त्याचा आवाज येत होता.

"ऐकू येत नाही का?" आई म्हणाल्या, जरा मोठ्याने. "तुझं झालं ना चालवून? मग उठावं माणसाने."

स्प्रिंग कुरकुरली. नुसती कुरकुरली नाही, नाराजीने कुरकुरली. आणि आमच्या डोळ्यांदेखत गाडीची उजवी बाजू वर आली. सावकाश, हातांवर भार देऊन जड माणूस उठतो तशी. चाकवाल्याने बोटं घातली. दोन गेली. त्याने ती बाहेर काढून बघितली आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवली. भूमितीसर भिंतीला टेकले. त्यांच्या पाठीला खडू लागला.

"बसा हो आता," आई मला म्हणाल्या.

मी बसलो. सीट गरम होती. खात्यात जाता-येता आपण कुणाच्या मांडीवर बसून गाडी चालवली, हा विचार मी तेव्हाही केला नाही आणि आजही करत नाही. चाकवाल्याने पुन्हा बोटं घातली.

"अर्धं बोट खाली बसली," तो म्हणाला. "तुमचं वजन लागलं गाडीला."

सतरा वर्षं मी हे वाक्य ऐकायला थांबलो होतो. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ते ऐकलं असणार, अशी माझी खात्री आहे. ते फार लांब नव्हते.

तलावाच्या रस्त्याला पहिलं डावं वळण आलं तेव्हा मी वेग कमी केला. काही घासलं नाही. दुसरं आलं. नाही. आई काच खाली करून बसल्या होत्या, केस सुटून तोंडावर येत होते, आणि त्या हसत होत्या. इतकं हसताना मी त्यांना आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं. मधूनमधून त्या बोलत होत्या, पण माझ्याशी नाही. "तू लहानपणी इथेच पडला होतास," म्हणाल्या. "आता डाएट वगैरे पुरे," म्हणाल्या. मी समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही. तलावाशी थांबलो, त्यांनी पाण्याकडे पाहिलं, आणि "झालं, चला" म्हणाल्या.

परत आलो तर सगळे गॅरेजातच होते. बायको आईंना उतरवू लागली. चाकवाल्याने पुढची चाकं पाहिली, मान डोलावली, आणि मग मागच्या चाकांशी जाऊन थबकला. दोन्ही मागच्या टायरांवर घासल्याचे ताजे पट्टे होते, डावीउजवीकडे अगदी सारखे.

"मागे कोण बसलं होतं?" त्याने विचारलं.

"ह्या गाडीला मागे सीट नाही," मी म्हणालो.

"सांगत होते मी त्याला," आई बायकोच्या खांद्यावर हात टाकून उठता उठता म्हणाल्या, "पाय आखडून घे म्हणून. लहान होता तेव्हापासून असाच."

चाकवाल्याने पुढच्या आठवड्यात मागे जरा आत बसणारी दोन चाकं लावली. कारण त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. "चाकं आली का?" हा प्रश्न बंद झाला. आई सकाळी कप खाली ठेवत आणि नुसत्या खिडकीतून खाली बघत. तलावाच्या फेरीनंतर बरोबर एकवीस दिवसांनी, झोपेतच, त्या गेल्या. त्यांच्या खोलीत कप तसाच होता. तो उचलायला मला दोन दिवस लागले.

महिना संपला तसा मी गाडी घेऊन खात्यात गेलो. या वेळी दहा मिनिटांत पोचलो. काट्यावर गाडी उभी केली, उतरलो, आणि सावलीत जाऊन थांबलो. गाडी सरळ उभी होती, कुठेच झुकलेली नव्हती. कारकुनाने काटा पाहिला, पुस्तक पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी चार पावलांवर होतो, त्यामुळे त्याला माझ्यावर शंका घेता येईना.

"जास्तच भरतेय," तो म्हणाला.

"किती?"

"एकशे एकोणसाठ."

मी विम्यातला माणूस आहे. बेरजा-वजाबाक्या माझ्या डोक्यात आपोआप होतात. ही झाली तेव्हा या वेळी मला थंडी वाजली नाही. डोळे भरून आले, आणि ते मी लपवलंही नाही.

"शेऱ्यात काय लिहू?" कारकुनाने पेन टेकवून विचारलं. "मागच्या वेळी चालकासह लिहिलं होतं."

"सहकुटुंब लिहा," मी म्हणालो.

त्याने लिहिलं, शिक्का मारला. मी गाडीत बसलो. डावीकडची काच कुणीतरी खाली केलेली होती, ती तशीच राहू दिली. सीट पुढे होती, माझ्या पायांना बरोबर. फाटकाबाहेर आलो आणि डावीकडे वळलो.